थंडी बाहेर जाते

आमच्या घरात कूलर आला नाही, मी केला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण हल्ली घरातली माणसं "तेव्हा आपल्याकडे कूलर आला" असं बोलतात आणि मला राग येतो. आला म्हणजे काय, पाहुणा होता का तो? लोखंडाचे अँगल मी कापले, पत्रा मी वाकवला, टाकीला झाळ मी मारली. तिन्ही बाजूंना खसच्या ताट्या बांधताना बोटं सोलून निघाली ती माझी.

सातवीनंतर शाळेचं आणि माझं जमलं नाही. कोणी काढलं नाही, मीच गेलो नाही. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. पोरगा निदान मॅट्रिक होईल, ऑफिसात चिकटेल, असं त्यांच्या मनात होतं. मी रायपूरच्या सदर बाजारामागच्या गल्लीत पत्र्याच्या दुकानात लागलो. पेट्या, कोठ्या, बादल्यांची बुडं. मग दुकानात कूलरचे सांगाडे बनायला लागले आणि मला त्याची अशी गोडी लागली की जेवताना ताटाच्या कडेला बोटानं पाण्याच्या रेघा काढून मी ताट्यांची मापं करत बसे. आई म्हणायची, "जेवून घे बे आधी, मग कारखाना टाक."

त्या उन्हाळ्यात कुसुमताई बाळंतपणाला नागपूरहून आली होती. माझ्याहून थोरली, एकुलती एक बहीण. पोट्टी झाली. अगदी लहानशी, कापसाच्या पेळूसारखी. आणि ती झाली त्याच सुमारास ऊन असं तापायला लागलं की अंगणातल्या नळाचं पाणी भांड्यात पडताना चटका द्यायचं. रायपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक मी करत नाही. इथला माणूस करत नाही, तो फक्त दुपारी घरात बसतो. पण बाळंतिणीनं काय करायचं? आमच्या मधल्या खोलीत, जिथं ताईची बाज आणि पाळणा होता, तिथं भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं व्हायचं. म्हणून मी दुकानातून उरलेला माल आणून ताईसाठी कूलर करायला घेतला. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तो पहिला. ज्या दिवशी गल्लीकडच्या खिडकीत बसवला त्या दिवशी आईनं त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. पंखा सुरू झाला, खसचा वास घरभर पसरला आणि शेजारपाजारचे दारात उभे राहून छत्तीसगढीत "हव, बने हे," छान आहे, म्हणत गेले. त्या संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसताना बाबांनी खुर्ची खिडकीच्या बाजूला ओढली, येणाऱ्या-जाणाऱ्याला कूलर दिसावा अशी. मला तेवढं पुरलं.

आता यात घोळ असा झाला. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. कान बांधायचे, ओव्याशेपाची धुरी द्यायची, खोलीच्या फटी बुजवायच्या. आईनं ते सगळं आधीच करून ठेवलेलं. वरच्या झरोक्यात जुनं लुगडं कोंबलेलं, मागच्या पडवीकडे उघडणारं दार आतून कडी लावून बंद, त्याच्या खालच्या फटीत चिंध्या. कूलर आल्यावर तिनं हे अजून पक्कं केलं, कारण आता वाऱ्याशिवाय दुसरीही काळजी होती, थंडी बाहेर जायची. "माठावर झाकण ठेवतो ना आपण? काहून ठेवतो? थंड राहावं म्हणून," ती म्हणायची. बाबांचा दाखला त्याहून भारी होता. ते म्हणायचे, "टॉकीजमधे पाह्यलं नाही का, एअर-कूल टॉकीजमधे? पिच्चर सुरू झाला की सारे दरवाजे बंद. तेव्हाच तर थंड वाटते." मीही तेच मानत होतो. दुकानात येणारं गिऱ्हाईक मानायचं, गिऱ्हाइकाची बायको मानायची, दुकानाचा मालकही मानायचा. रायपुरात तेव्हा ज्याच्या-ज्याच्या घरी कूलर लागला त्यानं त्याच दिवशी खिडक्या लावून घेतल्या असतील, हे मी पैज लावून सांगतो. आजही लावतात. शंकर नगरात माझ्या मुलाच्या फ्लॅटसमोर जे नवे भाडेकरू आले आहेत, मोठ्या ऑफिसातले, ते कूलर लावतात आणि दार ओढून घेतात. मी दोनदा जाऊन सांगितलं. बाई फार गोड बोलल्या, "हो काका, बरोबर आहे," आणि माझ्या पाठीमागं दार लावून घेतलं.

पहिल्या दिवशी खोली गार वाटली. मग हळूहळू काय झालं कोण जाणे. पंखा घर्र घर्र करतोय, टुल्लू पंप ताट्यांवर पाणी सोडतोय, पाणी टपटप टाकीत पडतंय, सगळं ठीक. आणि खोलीत बसलं की अंगाला चिकटल्यासारखं व्हायचं. घाम यायचा आणि वाळायचा नाही. ताईच्या पोलक्याची पाठ कायम ओली. बाळाचे दुपटे सकाळी धुतले तर संध्याकाळी तसेच दमट, आणि त्यांना कुबट वास. आईनं जावयासाठी म्हणून कुरडया तळून डब्यात भरून त्या खोलीतल्या फडताळात ठेवल्या होत्या. झाकण जरा सैल राहिलं, तर त्या चामड्यासारख्या वातड झाल्या. मीठ ओलं झालं, काडेपेटी पेटेना. आई धुरी द्यायला बसली की काड्या ओढून ओढून थकायची आणि रेल्वेला शिव्या द्यायची, कारण काडेपेटी बाबांनी स्टेशनाजवळून आणली होती.

मी काय केलं? पाणी वाढवलं. ताट्या बदलल्या. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून, सायकलच्या कॅरिअरला भुशाच्या पोत्यात बांधून, टाकीत टाकली. माझ्या हातची वस्तू, ती कमी पडते हे मला सहन होईना. जेवढं पाणी वाढवावं तेवढी खोली जास्त चिकचिक करायची. बर्फ टाकल्यावर घडीभर बरं वाटायचं, मग परत तेच. शेजारी विचारायचे, "कइसे चलत हे कूलर?" मी म्हणायचो, "फर्स्ट क्लास."

पण पोट्टी ऐकेना. तिच्या मानेवर, पाठीवर, कोपरांच्या आत घामोळ्या उठल्या, लालभडक, मोहरी पेरल्यासारख्या. दुपार झाली की रडायची, आणि मग रडणंही कमी झालं, ते जास्त वाईट होतं. मालिश करायला येणारी दाई एका सकाळी तिला मांडीवर घेऊन तिचे हातपाय उचलून पाहत बसली. मग आईला म्हणाली, "लइका ह दूध नइ पीयत हे. ढिल्ला पर गे हे." बाळ दूध पीत नाही, सैल पडलंय. आईचा हात तेलाच्या वाटीतच थांबला. बाबा डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, उष्णता सोसत नाही हिला, खोली थंड ठेवा, दूध पोटात गेलं पाहिजे, नाही गेलं तर भरती करावं लागेल. घरी आल्यावर बाबांनी कूलरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी दुकानात गेलो नाही. टाकी उपसून धुतली, पंख्याला तेल दिलं. करण्यासारखं अजून काय होतं ते मला सुचत नव्हतं.

नवतपा लागला, उन्हाळ्याचे सगळ्यात तापते नऊ दिवस, आणि भाऊजी आले. पत्र कोणी टाकलं नव्हतं, कोणाच्या तरी हाती निरोप गेला होता. भाऊजी नागपूरच्या सरकारी ऑफिसात होते. स्वभावानं वाईट नव्हते, पण उन्हानं लवकर पेटायचे, आणि त्या दिवशी ते स्टेशनवरून उन्हातून चालत आले होते. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, कैरीचं पन्हं दिलं. ते पन्हं हातात तसंच धरून मधल्या खोलीत गेले, पोरीला पाहिलं आणि बाहेर आले.

"कुसुम, सामान बांध. दुपारच्या गाडीनं निघू."

"जावईबापू, या उन्हात?" बाबा म्हणाले. "गाडीत भट्टी असते. एवढंसं लेकरू..."

"मग इथं काय आहे बाबा? इथं तर उकडून राहिली ते. भाताच्या गंजावर झाकण ठेवल्यासारखं करून ठेवलं तुम्ही तिले." मग माझ्याकडे वळले, "आणि तुझं ते मशीन! त्याच्यानं तर अजूनच वाफ होऊन राहिली."

मला लागलं. मी म्हणालो, "मशीनले काही म्हणायचं नाही, भाऊजी."

"काहून? तुही बायको आहे का ते?"

ताई बाजेवर बसून दोघांकडे पाहत होती. पोरगी तिच्या खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले. ताईला जायचं नव्हतं. त्या डब्यात, त्या लूच्या झळांमध्ये, चढत्या दुपारी तिला घेऊन जाणं म्हणजे काय हे तिला कळत होतं, आणि इथं ठेवणं म्हणजे काय तेही दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "दोन्हीकडे हिचं कसं होणार हो?" आई स्वयंपाकघरात जाऊन आंब्याचा रस पिळायला बसली, पदर डोळ्यांना लावत. जावई आला की रस करायचा, मग घरात काही का होईना.

भाऊजींनी ठरवलं, गाडीची वेळ होईपर्यंत पोरीला मागच्या पडवीत निजवायचं. पडवीत ऊन नव्हतं, कडुनिंबाची सावली होती, आणि ते म्हणत होते की इथल्या ओल्या वाफेपेक्षा ती कोरडी झळ परवडली. म्हणून आम्ही पाळणा उचलला. हा पाळणा बाबांनी जवळच्या अभनपूरच्या सुताराकडून करवून घेतला होता, सरईच्या जड लाकडाचा, ओढायला बैल जुंपावेत असा. सुतार सुटे भाग घेऊन आला होता आणि ते त्यानं त्या खोलीतच बसून ठोकले होते. पाय खाली पसरट. आतून बाहेर कधी न्यावा लागेल हा विचार सुतारानं केला नाही आणि बाबांनीही केला नाही.

मागच्या दाराची कडी काढली, चिंध्या लाथेनं सारल्या, दार सताड उघडलं. भाऊजी पुढं होऊन पडवीत उतरले, मी आतून ढकलत होतो. अर्धा पाळणा गेला आणि अडकला. तिरपा केला, अजून अडकला. आता तो आतही येईना, बाहेरही जाईना. भाऊजी पडवीत, मी खोलीत, मधे पाळणा दाराच्या चौकटीत असा रुतलेला की जणू सुतारानं तो तिथंच केला होता.

"वर उचल बे!"

"उचललं ना! तुम्हीच खाली दाबून राहिले."

"मी कायले दाबीन?"

आवाज ऐकून आई रसाचे हात घेऊन धावत आली. तिला पाळणा दिसलाच नाही, तिला उघडं दार दिसलं. "अरे दार लोटा! सारी थंडी बाहेर चालली!"

"आई, लोटू कसं? पाळणा फसला आहे."

आणि तेव्हा मला पंख्याचा आवाज वेगळा वाटला. इतके दिवस तो घर्र घर्र करत होता, ओझं घेऊन चढ चढल्यासारखा. आता मोकळा, हलका, भरभर भरभर. मला वाटलं पट्टा सुटला की काय. पाळणा सोडून मी कूलरकडे गेलो. काही सुटलं नव्हतं. पण खसमधून वारा असा येत होता की माझा सदरा मागं उडाला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं.

ताई म्हणाली, "सुध्या, तू कूलर वाढवला का?"

"मी हात कुठं लावला?"

"मग गार कसं लागून राहिलं?"

पडवीतून भाऊजी ओरडले, "अहो, इकडं तर मस्त थंड वारा येऊन राहिला!"

"पाहा!" आई म्हणाली. "जावईबापूले थंडी लागून राहिली, म्हणजे सारी तिकडंच गेली. पोरीले काही राहिलं का?" आणि तिनं कोपऱ्यातली सतरंजी ओढली आणि पाळण्यावरून, दाराच्या वरच्या खिळ्यांना अडकवून, सगळी फट झाकून टाकली. सतरंजी बाहेरच्या बाजूला फुगली, शिडासारखी. पंखा परत घर्र घर्र. कॅलेंडर गप्प. ताईनं मान वर केली, पोरीनं कुईं केलं.

"आई, काढ ते," ताई म्हणाली.

"अगं, थंडी..."

"काढ म्हणते ना!"

ताई आईवर कधी ओरडली नव्हती. आई उभीच राहिली. बाबा ओट्यावरून आले होते, त्यांनी सतरंजी काढली. वारा परत सुटला. बाबा पाळण्याला धरून उभे राहिले, डोक्यावरचे पांढरे केस उडत होते. मग म्हणाले, "टॉकीजमधे तर दरवाजे बंद असतात." पण ते भांडणासाठी म्हणत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी मात्र लगेच समोरचं दारही उघडलं, झरोक्यातलं लुगडं उपसून काढलं. आई "बाळंतीण आहे रे ती!" म्हणत राहिली. मी ताईची बाज ओढून वाऱ्याच्या धारेतून बाजूला घेतली, तिचे कान बांधलेलेच होते, तेवढ्यावर आईची समजूत काढली. मी हट्टी आहे असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो हट्ट कामी आला. घडीभरात माझ्या हातावरचा घाम वाळला. खोलीत कोंदलेला तो कुबट वास पडवीच्या दारानं निघून गेला.

माझा नातू आता मला हे समजावतो. हिंदीतच बोलतो, मराठी त्याला कळते पण तोंडात येत नाही. "दादाजी, वो तो इव्हॅपोरेशन है." मी म्हणतो, बस खाली, मी सांगतो. बाहेरचा वारा गरम असतो पण कोरडा. ओल्या ताटीतून येताना तो आपली गरमी पाण्याला देतो, पाण्याची वाफ होते, ती पोटात घेऊन तो आत येतो. म्हणून गार. पण आता त्याचं पोट भरलेलं असतं. तुमचा घाम तो अजून कुठं ठेवणार? त्यानं जायला पाहिजे, म्हणजे मागून दुसरा कोरडा येईल. कोंडून ठेवला तर खोली म्हणजे ओल्या धुण्याची बादली. थंडी काही रस नव्हे, गंजात झाकून ठेवायला. एसीची गोष्ट निराळी, तो खोलीतलीच हवा फिरवतो, त्याला दारं बंद लागतात. टॉकीजचं गणित आमच्या बाबांना छळायचं, पण त्या टॉकीजवाल्यांनी मागं भिंतीत हवा काढणारे पंखे बसवले होते, अंधारात ते कोणाला दिसत नसत. हे मी पुढं स्वतः जाऊन, मागच्या गल्लीतून बघून आलो. नातू म्हणतो, "वही तो मैं बोल रहा था." बोलत असेल. पण आम्ही ते दारात पाळणा अडकवून शिकलो.

पोरीचं सांगतो. ताईनं तिला पदराखाली घेतलं. आम्ही पुरुष तोंड फिरवून पाळण्याशी झटत असल्याचं नाटक करत होतो, पण सगळ्यांचे कान तिकडे. पहिल्यांदा नुसतं कुरकुरणं. मग काहीच नाही. मग चुक चुक असा बारीक आवाज. आईनं तो ऐकला आणि बाजेच्या कडेशी येऊन उभी राहिली, रसाचे हात तसेच कोपरापर्यंत पिवळे. आवाज चालू राहिला. मधे थांबला की आम्ही सगळे थांबायचो, परत सुरू झाला की श्वास घ्यायचो. बऱ्याच वेळानं ताई म्हणाली, "प्यायली. झोपली." तरी तिनं दोन बोटं पोरीच्या नाकाखाली धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहून हसली. इतक्या दिवसांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

भाऊजी पडवीतून घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आले. घामानं निथळलेले, कपाळाला जळमट. सामानाच्या पेटीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. आईनं पान वाढलं. शेवया, रस, तळलेल्या मिरच्या, भात. ते जेवले, दोनदा रस मागून घेतला. मग म्हणाले, "गाडीला अजून वेळ आहे, जरा पाठ टेकतो." आणि मधल्या खोलीतच, कूलर आणि मागचं दार यांच्या बरोबर मधे, फरशीवर आडवे झाले. पाळणा चौकटीत तसाच होता. उद्या सुताराला बोलवू, असं बाबा म्हणाले.

ताई बाजेवर झोपली होती, तोंड उघडं, पोरगी कुशीत. आई दारात बसून जो आवाज करेल त्याला हातानं दटावत होती. बाबांनी खोकला आला तर तो ओट्यावर जाऊन काढला. स्टेशनाकडून शिटी ऐकू आली. दुपारची गाडी लागली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, उठवू नका.

गाडी सुटल्याचा आवाजही येऊन गेला. मग भाऊजींनी कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे न उघडता पुटपुटले, "आई, पांघरायला काही आहे का?"

भर नवतप्यात, दुपारी, आई उठली आणि मोठी पेटी उघडून हिवाळ्याची गोधडी काढू लागली.